जाळें आणि काळ

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. समुद्रकांठच्या लोकांना हाच धडा जाळ्यानें शिकविला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत ब्रिडपोर्ट नांवाचें लहानसें गांव आहे. दोर आणि जाळीं यांसाठीं तें मध्ययुगापासून प्रसिद्ध होतें. १२१३ सालीं जॉन राजानें तेथें हुकूम धाडला कीं, गलबतांसाठीं रात्रंदिवस खपून होतील तितके दोर वळावे. राजाज्ञेनें कारागीर रात्रभर जागतील. पण शेतांतलें पीक कसें लवकर येणार? दोराचा वाख भांगेच्या रोपाचा. तें रोप वसंतांत पेरावें, उन्हाळ्याअखेर उपटावें, भिजवून कुजवावें, वाळवावें, झोडपून वाख सोडवावा, तो विंचरून सूत कातावें आणि मग कोठें विणकामास हात लागावा! जाळ्यांचें विणकामही आसपासच्या खेड्यांतून घरोघरीं चाले. बायकामुलें एकेक गांठ हातानें मारीत. त्यामुळें न्यूफाउंडलंडच्या कॉड मासळीसाठीं वसंतांत निघणाऱ्या गलबताला जाळें ऐन वेळीं मागून मिळणें कठीण. जाळ्यास उशीर झाला म्हणून हंगाम थांबत नसे; वर्षाची कमाई बुडे.

काळाइतकीच कसाची चिंता असे. हलका माल होतो अशी तक्रार झाल्यावरून १५३० च्या सुमारास पार्लमेंटनें कायदा केला कीं, पांच मैलांच्या आंत पिकलेला वाख ब्रिडपोर्टच्याच बाजारांत विकावा. त्यांत गांवाचा मक्ता राखण्याचा हेतुही होताच.

पुढें वॉटर्लूच्या लढाईनंतर सैन्यांतून मोकळा झालेल्या जेम्स पॅटर्सननें स्कॉटलंडांत मसलबरो येथें, १८२० च्या सुमारास, जाळीं विणण्याचें यंत्र चालू केलें. काम झपाट्यानें होऊं लागलें, पण गांठी सरकत. आणि गांठ सरकली कीं मासा निसटला. अखेर १८३५ सालीं त्याच गांवच्या वॉल्टर रिचीनें हातच्यासारखी पक्की गांठ मारणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. वेग साधल्यावर भरंवसा साधण्यास आणखी सुमारें पंधरा वर्षें लागलीं.

कोंकणांतील कोळी नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करतात. परंतु त्यापूर्वींचा पावसाळा ते जाळीं सांधण्यांत घालवीत आले आहेत. हंगामाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवसापासून मागें मोजीत यावें आणि जाळ्याचा विचार तेथून आरंभावा, हेंच दर्यावर्दी शहाणपण होय.