न्यू पाल्ट्झची आग

मे 2004. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झ गावी एक कॉलेज विद्यार्थी पंपावर स्वतःच पेट्रोल भरत होता. फोन वाजला, त्याने तो घेतला आणि भडका उडाला. भाजलं ते थोडक्यात निभावलं. गावच्या अग्निशमन प्रमुखांनी मोबाईलवर ठपका ठेवला आणि बातमी सगळीकडे पसरली.

ती पटकन पटली, कारण मनांची मशागत आधीच झाली होती. 2002पासून 'शेल'च्या नावाने एक ईमेल फिरत होता. त्यात मोबाईलने लागलेल्या तीन आगींचं वर्णन होतं. एकीत तर डिकीवर ठेवलेला फोन वाजताच भडका. असा इशारा आपण दिलाच नाही, असं शेलने सांगितलं, पण खुलाशापेक्षा ईमेलच जास्त लोकांपर्यंत गेला.

न्यू पाल्ट्झच्या प्रमुखांचं दुसरं निवेदन मला अधिक मोलाचं वाटतं. जागा पुन्हा पाहून, जखमी तरुणाशी पुन्हा बोलून त्यांनी आपलं मत जाहीरपणे बदललं: ठिणगी फोनची नव्हे, बहुधा तरुणाच्या अंगातली स्थिर वीज नोझलवर उतरली.

याला भक्कम आधार पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटच्या नोंदींचा. 2010पर्यंत तिथे अशा 176 आगींची नोंद झाली. मोबाईलमुळे लागलेली एकही नाही. सुमारे निम्म्या घटनांत क्रम एकच: नोझल अडकवून माणूस गाडीत जाऊन बसतो, सीटला कपडे घासतात, मग उतरून तो थेट नोझलला हात लावतो. पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ऊर्जाही पुरते. अंगावरच्या ठिणगीत तिच्या कितीतरी पट असते.

आपल्याकडे पेट्रोल भरणारा कर्मचारी गाडीत जाऊन बसत नाही, त्यामुळे हा प्रसंग सहसा येत नाही. मोबाईल बंदीची पाटी मात्र आपल्याही पंपांवर आली. फोनची ठिणगी तत्त्वतः अशक्य नाही, म्हणून ती पाटी पाळावी. पण जी कारणं नोंदींत पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांची पाटी क्वचितच दिसते, हे मला खटकतं.

इन्स्टिट्यूटच्या सूचना मोजक्या आहेत. पेट्रोल भरताना गाडीत बसू नका. बसलातच, तर उतरल्यावर नोझलला हात लावण्याआधी टाकीपासून दूर गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. आग लागलीच, तर नोझल ओढून काढू नका. तसंच ठेवून लांब व्हा.