कादंबरीचे पहिले पान

कादंबरी लिहू पाहणारे तरुण व्याख्यान संपल्यावर गाठतात आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: सुरुवात कशी करावी, म्हणजे वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही? प्रश्न रास्त आहे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभ्याउभ्या पुस्तक चाळणारा माणूस मलपृष्ठ पाहतो, किंमत पाहतो आणि पहिले पान उघडतो. त्या पानावर लेखकाची बाजू मांडायला दुसरे कोणी नसते. तरीही या प्रश्नाला युक्त्यांची यादी हे उत्तर नव्हे. मराठी कादंबरीने पावणेदोनशे वर्षांत हा प्रश्न पुन्हापुन्हा सोडवला आहे, आणि त्या सोडवणुकीचा अभ्यास हे एक स्वतंत्र, अजून पुरते न नांगरलेले क्षेत्र आहे. त्यात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वाचक धक्क्याने दचकतो, पण थांबतो तो आवाजाने. कोण बोलते आहे, कुठे उभे राहून बोलते आहे आणि आत्ताच का बोलते आहे, हे ज्या पानावर जाणवते ते पान वाचकाला धरून ठेवते. प्रेत सापडले, आग लागली, घर सोडले अशा घटनांनी सुरुवात झाली, तरी हा आवाज नसेल तर दुसऱ्या पानावर सगळे विझते.

आरंभाचा विचार आपल्याकडे नवा नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याच्या मुखाचे तीन प्रकार सांगितले: आशीर्वाद, नमस्कार किंवा विषयाचा थेट निर्देश. कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग येतो, तमाशात गण आणि गवळण होते, मगच वग उभा राहतो. व्रतांच्या कहाण्या आटपाट नगरात शिरण्याआधी देवाला हाक मारतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: सांगणारा समोर आहे आणि ऐकणारे जमलेले आहेत. छापील कादंबरीत समोरचा माणूसच नाहीसा झाला. सांगणाऱ्याचा चेहरा, हातवारे, आवाजाची पट्टी हे सगळे आता शब्दांतून उभे करायचे होते, तेही एकट्याने वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी.

बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ छापले तेव्हा त्यांनी दंडीचा तिसरा मार्ग धरल्यासारखे दिसते. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे त्याचे उपशीर्षकच आहे, म्हणजे पुस्तक उघडायच्या आधी विषय जाहीर झाला. त्यानंतरच्या ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) यांनी अद्भुताची वाट धरली, तर गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (1871) इतिहासाची. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी यमुनापर्यटन, मुक्तामाला आणि मोचनगड या तीन नावांनीच मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती ओळखल्या. त्या वर्गवारीशी वाद घालता येतो, पण आरंभांच्या अभ्यासाला ती फार उपयोगी पडते, कारण कादंबरी कोणत्या वाटेने जाणार हे बहुधा पहिल्या काही पानांतच ठरून जाते.

खरी कलाटणी पुण्यात मिळाली, हरि नारायण आपट्यांच्या हातून. या माणसाने एकीकडे आनंदाश्रमात संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचा कारभार पाहिला, म्हणजे मंगलाचरणाने सुरू होणारे ग्रंथ त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते. आणि दुसरीकडे 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढून त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. तिचे लेखन 1893 पर्यंत चालले. तिथे नमन नाही, लेखकाचे प्रास्ताविक उपदेश नाहीत. यमू नावाची बाई स्वतःची हकिकत स्वतः सांगते आणि बालपणापासून सांगते. आज हे सहज वाटते. त्या काळी पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीने ‘मी’ म्हणून शेकडो पाने बोलत राहणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे वाचताना मनात ठेवावे. त्या ‘मी’मध्ये दोन वये एकत्र नांदतात: घरातल्या मोठ्यांकडे टकमक पाहणारी लहान मुलगी, आणि सगळे भोगून झाल्यावर मागे वळून पाहणारी विधवा. पहिल्या पानांवर काही भयंकर घडत नाही, तरी सांगणारीला पुढचे सगळे ठाऊक आहे ही जाणीव प्रत्येक साध्या तपशिलाखाली वाहत राहते. माझ्या मते मराठीतला वाचक धरून ठेवणारा पहिला खरा आरंभ हा.

हप्त्यांचा मुद्दाही इथे विसरू नये. साप्ताहिकाच्या वाचकाला एका पानावर पकडून भागत नाही, त्याला दर आठवड्याला पुन्हा बोलवावे लागते. म्हणजे अशा कादंबरीला एक आरंभ नसतो, अनेक असतात. पुस्तकरूपात वाचताना हे सांधे दिसेनासे होतात. अभ्यासकाने ते शोधून काढावेत.

आकर्षक आरंभाचे तंत्र म्हणून मांडणी केली ना. सी. फडक्यांनी. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ 1931 मध्ये आले आणि लिहू पाहणाऱ्या कित्येकांनी ते समोर ठेवून हात गिरवला. वाचकाची उत्कंठा सुरुवातीलाच जागवावी आणि शेवटपर्यंत सैल पडू देऊ नये, हा त्यांचा आग्रह. फडक्यांना नंतरच्या पिढ्यांनी फार सहज निकालात काढले, ते मला पटत नाही. लेखन हे शिकता येण्यासारखे काम आहे हा विश्वास त्यांनी मराठीला दिला. मात्र त्यांचे सूत्र लघुकथेला जितके शोभते तितके कादंबरीला नाही. कादंबरी वाचकाकडून दीर्घ सहवास मागते, आणि सहवास नुसत्या उत्सुकतेवर टिकत नाही.

पौराणिक कादंबऱ्यांनी पुढे निराळाच मार्ग काढला. खांडेकरांचा ययाती (1959) आपली कहाणी आपण का सांगतो आहोत, हा प्रश्न स्वतःलाच विचारत येतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) तर मेलेला कर्ण बोलू लागतो, आणि मेलेल्याने बोलावे का ही शंका वाचकाच्या आधी तोच उपस्थित करतो. या गोष्टींचा शेवट घराघरांत ठाऊक आहे, त्यामुळे पुढे काय होणार या उत्कंठेला वावच उरत नाही. उरते ती सांगणाऱ्याची निकड. लाखो वाचकांना तेवढी पुरली, हा फडक्यांच्या सूत्राला मिळालेला मोठा प्रतिदाखला आहे.

आणि मग ‘कोसला’. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पांडुरंग सांगवीकर आपले नाव सांगतो, वय सांगतो, आणि वयासारख्या पक्क्या गोष्टीलाही ‘उदाहरणार्थ’ जोडून टाकतो. तेवढ्या एका शब्दाने पान हलते. स्वतःबद्दलची साधी माहितीही या माणसाला पुरेशी खरी वाटत नाही, हे कळते. तो पुण्यात कॉलेजला जाऊन, वसतिगृहात राहून, सगळे उधळून गावी परतला आहे हे नंतर कळते. त्या पिढीच्या लेखकांनी हा सूर इतका उचलला की पुढची कितीतरी वर्षे अनेक नायक तशाच बेफिकीर ओळखीने अवतरले आणि बहुतेक विस्मरणात गेले. सूर घेता येतो, त्यामागची निकड उसनी मिळत नाही.

‘मी’शिवाय दुसरा रस्ता नाही असे मात्र समजू नये. आणि ‘मी’ असला तरी त्याने स्वतःबद्दलच बोलावे असेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) कोवळ्या वयाचा मास्तर नेमणुकीच्या गावाकडे पायी निघालेला असतो, आणि त्याच्या चालण्याबरोबर माणदेशाचा मुलूख उलगडत जातो. तिथे वाचकाला धरतो तो प्रदेश.

अभ्यासाला बसणाऱ्यांनी सुरुवातीला एक करावे: यमू आणि पांडुरंग यांची पहिली वीस-वीस पाने एका बैठकीत वाचावीत. दोघेही ‘मी’ म्हणतात, दोघांच्याही गोष्टीत पुणे आहे, मध्ये सत्तरेक वर्षे गेली आहेत. कोणत्या वाक्याला आपण सांगणाऱ्यावर विश्वास टाकला, ते समासात लिहून ठेवावे. दोन वाचकांच्या खुणा क्वचितच एका जागी पडतील, आणि त्या का वेगळ्या पडल्या यावर चर्चा सुरू झाली की अभ्यासही सुरू झाला. पुढच्या प्रकरणांत हीच पद्धत ग्रामीण, दलित आणि स्त्रियांच्या कादंबऱ्यांकडे नेली आहे. तिथे बोलण्याचा अधिकारच आधी मिळवावा लागतो, प्रमाणभाषेत बोलायचे की घरच्या बोलीत हे पहिल्याच ओळीत ठरवावे लागते, आणि त्या एका निवडीने कोणता वाचक आत येणार व कोणता दारात थबकणार हेही ठरते. या भागावर आजवर सर्वांत कमी लिहिले गेले आहे. नव्या अभ्यासकांनी तिथूनच हात घालावा, अशी माझी इच्छा आहे.