अडलेला अक्ष आणि हाताची विद्या

यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्र चालू होते त्या दिवसापासून आरंभ करतात. आम्हांला तो यंत्र अडते त्या दिवसापासून सांगावासा वाटतो. कारण कारखान्यात कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला विचारले जाते, हे त्या दिवशीच उघडे पडते.

विक्रोळी पश्चिमेस एका गाळ्यात ऐंशीच्या दशकातील एक संगणक-नियंत्रित मिलिंग मशीन होते. काही वर्षांपूर्वी एके सकाळी त्याचे टेबल डावी-उजवीकडे सरकेना. पडद्यावर ४११ हा आकडा उमटला. त्याचा अर्थ एवढाच की, नियंत्रकाने 'जा' म्हटलेली जागा आणि टेबल प्रत्यक्ष आहे ती जागा यांतील अंतर मर्यादेबाहेर गेले. ते का गेले, हे आकडा सांगत नाही. मोटार बिघडली असेल, केबल तुटली असेल, ड्राइव्ह जळला असेल, नाहीतर लोखंडच लोखंडाला धरून बसले असेल. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने पडदा पाहिला, ड्राइव्ह बदलावयास सांगितले आणि खर्चाचा कागद पुढे केला. तो आकडा पाहून मालकाने कन्नमवार नगरातील एका निवृत्त फिटरला निरोप धाडला. त्याच वेळी आम्ही दुसऱ्या कामासाठी तेथे गेलो होतो, ते थांबलो.

हे यंत्र आपल्यापर्यंत आले कसे? अमेरिकेत मिशिगन प्रांतात जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याचा वक्र हाताने कापणे कठीण, म्हणून त्यांनी वक्रावरील बिंदू गणकयंत्राकडून काढून घेतले आणि त्या आकड्यांवरून यंत्र हलवावे असे मनात आणले. १९४९ मध्ये अमेरिकन वायुदलाने त्यांना काम दिले. पुढे ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे गेले आणि १९५२ च्या सप्टेंबरात तेथे तीन अक्षांचे मिलिंग मशीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या हुकमाने चालवून दाखविण्यात आले.

त्याच काळात दुसरीही एक वाट होती. जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी असे यंत्र केले होते की, निष्णात कारागिराने पहिला नग हाताने कापावा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर उतराव्यात, आणि पुढचे नग यंत्राने त्याबरहुकूम कापावेत. ही वाट मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे की, केवळ तांत्रिक गुणावर हा निकाल लागला नाही. पहिल्या पद्धतीत कामाचे ज्ञान कारागिराच्या हातातून कचेरीतील टेबलाकडे जात होते आणि व्यवस्थापनाला तेच हवे होते. आम्हांला हे बव्हंशी पटते, सर्वस्वी नाही. विमानाचे काही वक्र असे असतात की, ते कोणाच्याही हातात मुळातच नव्हते. तेथे आकडेमोडीवाचून गत्यंतर नव्हते. परंतु विक्रोळीच्या गाळ्यात साध्या चौकोनी खाचा कापणाऱ्या पोरालाही 'तू फक्त बटण दाब' असे सांगितले जाते, त्याला विमानाच्या पात्याची सबब चालत नाही.

विक्रोळीला हाताच्या विद्येचे वावडे कधीच नव्हते. १९५१ मध्ये देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या येथील कारखान्याने बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बनविल्या. आग्रा रोडच्या (पुढे लालबहादूर शास्त्री मार्गाच्या) दुतर्फा कांजूर, भांडुप, मुलुंडपर्यंत कारखाने उभे राहिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर किती तरी पोरे फिटर, टर्नर, मशिनिस्ट झाली. पुढे ते कारखाने एकामागून एक आटले, स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरून घेतले गेले आणि ती विद्या घरी जाऊन बसली.

तर मेस्त्री आले. प्रथम त्यांनी मुख्य स्विच बंद केला व पोरांना बजावले की, आडवा अक्ष आहे म्हणून ठीक. उभा असता तर डोक्याखाली लाकडी ठोकळा लावल्याखेरीज हात घालावयाचा नाही, ब्रेक सुटला तर ते अंगावर येते. मग झाकण काढून बॉल स्क्रूच्या टोकाला पाना लावून हाताने फिरविला. भारी जात होता. मोटार सोडवून एकटीच चालविली, ती निमूट फिरली. म्हणजे मोटार, केबल, ड्राइव्ह तिघेही निर्दोष. मग गिबपट्टी सैल केली, तेव्हा टेबल सरकले. पट्टी कोरडी ठणठणीत होती. स्लाइडला थेंब थेंब तेल देणाऱ्या नळीचे तोंड कीस व जुन्या तेलाच्या साक्याने बुजले होते. टाकी मात्र काठोकाठ भरलेली! तेल पुरते आहे असे सर्वांनी मानले. ते महिनाभर उतरलेच नाही, हे कोणी पाहिले नाही.

मशीनवरचा कंत्राटी पोरगा तेव्हा हळूच म्हणाला, "मेस्त्री, पंधरा दिवस टेबल सरकताना कुरकुरत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? आपल्याला कोण विचारतंय."

नळी साफ झाली, पट्टी बसवून डायलने खेळ तपासला आणि चारच्या सुमारास नग चढला. खर्चाचा कागद मालकाने परत केला. मेस्त्रींना एक दिवसाचा रोज मिळाला.

आम्ही मालकापाशी एकच मागणी केली: तेलाची वही पोराने लिहावी, आवाजाची नोंदही त्यानेच करावी, आणि त्यासाठी रोज दहा मिनिटे पगारी धरावीत. बरीच घासाघीस झाली. मालक पाच मिनिटांवर आला, आम्ही ती घेतली. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा वही खिळ्याला टांगलेली होती. पहिल्या पानावर पोराने लिहिले होते: सोमवार, तेल दोन बोटे उतरले, आवाज नाही.