चाकणचा काळा पाषाण

सह्याद्रीतील बहुतेक किल्ले डोंगरमाथ्यावर आहेत; चाकणचा संग्रामदुर्ग मात्र सपाट भूमीवर. याचे मूळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात आहे. भेगांतून उसळलेला तो रस थरावर थर साचला आणि त्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, झाला. पश्चिमेला पावसाने व नद्यांनी हे थर खोल कापले, म्हणून तेथे कडे उभे राहिले; इकडे भामा-इंद्रायणीच्या दरम्यान रुंद पठार उरले.

कडा नाही, म्हणून येथे खंदक खणावा लागला. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाला सुमारे दोन महिने रोखले. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला.

तीच सपाटी पुढे कारखान्यांच्या कामी आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. कालांतराने चाकणला मोटारींचे कारखाने आले.

या पाषाणात पाणी थोडेच राहते, तेही भेगांत आणि वरच्या मुरमात. बांधकामासाठी हाच मुरूम उकरला जातो, वर काँक्रीट चढते आणि पाऊस वाहून जातो. जमिनीचा भाव ठरतो तो तिच्या सपाटीवर. तिच्यात मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब व्यवहारात कोणी धरत नाही.