‘गोड’ आणि ‘वेंट’
(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

चिखलदऱ्याच्या थंडीत शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही पोरं पाढ्यांसारखं म्हणायचो, ‘गो, वेंट, गॉन, ईट, एट, ईटन.’ ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, म्हणून मी एकदा ‘गो’चं ‘गोड’ केलं. वर्ग हसला, छडी बसली. तो गोड शब्द फार कडू निघाला.

त्या छडीचं उत्तर बी.ए.ला असताना सापडलं. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नव्हे. ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं ते रूप. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते ‘गो’च्या पदरात पडलं. आणि आपण तरी वेगळं काय करतो? ‘जातो’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. माझ्या घरात ‘जाता-गया’, गल्लीत ‘जातो-गेला’. दोन्ही मी छडीशिवाय शिकलो.

चिखलदऱ्याला लागूनच गाविलगड उभा आहे. १४२५-२६ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं तो पक्का बांधवला. पुढे इमादशाही आली, मोगल आले, निजाम आला. कचेरीत फारसी राहिली आणि तिथून शब्द बाजारात उतरले. फारसीत ‘खरीद’ म्हणजे ‘विकत घेतलं’, ‘बरखास्त’ म्हणजे ‘उठला’. अरबी ‘मंजूर’ म्हणजे मुळात ‘पाहिलेलं’, ‘महसूल’ म्हणजे ‘हाती आलेलं’. झालेल्या गोष्टींचे हे शब्द आपण घेतले. त्यांचा भूतकाळ मात्र उंबऱ्याबाहेर ठेवला. म्हणून तर ‘सभा उद्या बरखास्त होईल’ असंही आपण खुशाल म्हणतो.

१५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी गाविलगड घेतला. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदरा हेरला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. साहेब गेले, हरिकेन पॉइंट राहिला आणि इंग्रजी शब्दही राहिले. ‘रिटायर्ड मास्तर’ आपण म्हणतो खरे, पण क्रिया सांगायची वेळ आली की मास्तर ‘रिटायर झाले’. बस कॅन्सल झाली, दौरा कॅन्सल झाला, लग्न कॅन्सल झालं. इंग्रजी क्रियापदाला कर्त्याचं लिंग ठाऊक नाही. ते आपल्या ‘झाला-झाली-झालं’नं सांगितलं. राज्य कुणाचंही असो, काळ सांगण्याचं काम मराठीनं आपल्याच हाती ठेवलं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवू लागले. मेळघाटातलं लेकरू घरी कोरकू बोलतं, वर्गात मराठी ऐकतं आणि पुस्तकात इंग्रजी पाहतं. एवढ्याशा जिवाला तीन भाषांचे भूतकाळ सांभाळायचे असतात. ते कधी ‘गोड’ म्हणालं, तर हसू नका. नियम त्यानं बरोबर लावलेला असतो. चुकार निघालेलं असतं ते क्रियापद. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवा, मग ‘वेंट’ सांगा.