रघुजींची तलवार आणि आमच्या घरची



नागपूरकर भोसल्यांचा धडा आपल्याला सरांनी एका तासात उरकून दाखवला होता. परीक्षेला येत नाही म्हणून आपणही तो सोडून दिला.

त्याची आठवण २०२५ साली झाली. २९ एप्रिलला लंडनच्या सोदबीज लिलावगृहात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार विक्रीला निघाली. शाहू महाराजांनी ज्यांना सेनासाहेबसुभा किताब दिला, ज्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या, ते हे रघुजी. पाते युरोपी बनावटीचे, पण त्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत त्यांचे नाव. १८१७ मध्ये सीताबर्डीला भोसले हरले. त्यानंतर लुटीत किंवा नजराण्यात ती इंग्रजांकडे गेली असावी, असे जाणकार मानतात. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक-विम्यासह खर्च ४७.१५ लाख रुपये. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली.

आपलीच वस्तू विकत का घ्यायची? कारण युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावशेष कायदा १९७२ चा. त्याआधी गेलेले त्यांच्या बळावर परत मागता येत नाही.

त्याच १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी तांब्याच्या घंगाळासोबत आढ्याला खोचलेली तलवारही मांजरसुंब्याला आलेल्या फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. मी तेव्हा पहिलीत होतो. घरात ज्वारी नव्हती; आजोबांना बोल लावणार नाही. मुठीजवळ काही अक्षरे होती, एवढेच आठवते. ती कुणी वाचली नाहीत, उतरूनही घेतली नाहीत. आज ती एखाद्या लिलावात आली, तरी मला ओळखू येणार नाही. रघुजींची ओळखू आली, ती अक्षरांमुळे.

मधल्या सुट्टीत ज्या दगडावर बसून आपण भाकरी खायचो, तो वीरगळ होता, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा शस्त्र खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. परंतु चोरीला गेल्यावर ती आपल्या गावची होती, हे दाखवायला पुरावा लागतो.

म्हणून एक विनंती. मेळाव्यानंतर घरी गेलात की माळ्यावरचे मोडी कागद, देव्हाऱ्यातल्या जुन्या मूर्ती, पारावरचे वीरगळ यांचे फोटो काढा. माप, जागा आणि अक्षरे वहीत उतरवा. एक प्रत शाळेत ठेवू. पहिले पान मी आमच्या तलवारीसाठी कोरे ठेवले आहे.