रंग मोजणारी सतरा माणसं

आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, विटकरी, शेवाळी... आपल्या भाषेत रंगांच्या नावांना तोटा नाही. पण मंडळी, दहा बायकांना 'आमसुली' साडी काढून दाखवा म्हटलं, तर दहा वेगवेगळे रंग बाहेर येतील! घरात हा वाद गमतीचा असतो. कापडाच्या धंद्यात मात्र तो पैशांचा होतो. कालच्या लॉटमध्ये आणि आजच्या लॉटमध्ये फरक आहे का, आणि असलाच तर किती, हे कोणी ठरवायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माणसाची दीडएकशे वर्षं गेली. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण लढायांच्या सनावळ्यांत ही लढाई कधी आली नाही. म्हणून आज ती सांगतो.

सुरुवात पॅरिसपासून. तिथं गोबेलँ नावाचा, भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणारा नामांकित कारखाना होता. १८२४ साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार अशी होती की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. शेव्रल यांनी लोकर तपासली, तर रंग चोख! मग दोष कुठं होता? तो शेजाऱ्यात होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणलं की तोच काळा रंग फिका वाटायचा. शेजारचा रंग बदलला की आपला डोळा फसतो, हे त्यांनी पुढे १८३९ साली मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिलं. रंगाऱ्याची चूक नसतानाही बोल त्यालाच लागत होता, हे लक्षात घ्या.

दुसरा गडी इंग्लंडमधला, जोसेफ लोव्हिबाँड. हा बिअर गाळणारा माणूस. बिअरच्या रंगावरून तिचा दर्जा ओळखता येतो, पण तो रंग आकड्यात कसा सांगायचा? त्यानं रंगीत काचांच्या क्रमवार पट्ट्या तयार केल्या. नमुना एका बाजूला, काचा दुसऱ्या बाजूला. दोन्ही सारखे दिसेपर्यंत काचा बदलायच्या आणि काचेचा क्रमांक लिहून ठेवायचा. १८८५ साली त्यानं या उपकरणाची कंपनी काढली. आपल्याकडं खाद्यतेलांच्या मानकांत रंग सांगताना लोव्हिबाँडचं नाव येतं ते याच गृहस्थाचं. बिअरवाल्याची पट्टी शेंगदाण्याच्या तेलापर्यंत पोचली!

पण काचा झाल्या तरी शेवटी बघणारा डोळा एकाच माणसाचा. तो थकलेला असेल, म्हातारा असेल, किंवा मालकाचा पगारी असेल. मग सर्वांच्या वतीनं बघणारा डोळा कुठून आणायचा?

हे काम १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये दोघांनी वेगवेगळं केलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डेव्हिड राइट यांनी १० माणसं बसवली, तर टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी ७. समोर छोटं प्रकाशाचं वर्तुळ. त्याच्या अर्ध्या भागात एक शुद्ध रंग. दुसऱ्या अर्ध्या भागात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तोच रंग जुळवायचा. दोघांची उपकरणं वेगळी, माणसं वेगळी, तरी आकडे छान जुळले. त्यांची सरासरी काढून १९३१ साली केंब्रिजच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगानं 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. म्हणजे अवघ्या १७ माणसांची नजर जगाची नजर झाली.

पुढं १९४२ साली अमेरिकेत डेव्हिड मॅकअॅडम यांनी एक अडचण दाखवली. १९३१ च्या नकाशावरचं सारखं अंतर डोळ्याला सारखं वाटत नाही. हिरव्या भागात बरंच सरकलं तरी कळत नाही, निळ्या भागात जरासं सरकलं तरी खुपतं. म्हणून १९७६ साली आयोगानं नवा नकाशा दिला. त्यात तीन मापं: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे लाल-हिरवा, बी म्हणजे पिवळा-निळा. दोन रंगांमधलं अंतर काढायला आपला पायथागोरसच कामाला येतो. समजा एल मध्ये २ चा, ए मध्ये १ चा आणि बी मध्ये २ चा फरक आहे. वर्ग ४, १, ४, बेरीज ९, वर्गमूळ ३. याला म्हणतात डेल्टा ई. साधारण १ च्या आसपासचा फरक शेजारी-शेजारी ठेवल्यास सराईत नजरेला जाणवू लागतो. हा नकाशाही अगदी बिनचूक नाही, त्यामुळे पुढं सूत्रं सुधारत गेली.

कलरिमीटर हे सगळं क्षणात करतो. ठरलेल्या दिव्याचा प्रकाश कापडावर पाडायचा, परत आलेला प्रकाश तीन फिल्टरमधून मोजायचा. ते फिल्टर असे बनवतात की यंत्रानं १९३१ च्या प्रमाण निरीक्षकासारखंच बघावं. म्हणजे त्या डबीत अजूनही ती सतरा माणसं बसलेली आहेत!

आपल्या तिरंग्याचा केशरीही नुसता 'केशरी' नाही. ध्वजाचं मानक पहिल्यांदा १९५१ साली आलं, नंतर सुधारलं. त्यात केशरी रंगाला ०.५३८ आणि ०.३६० असे १९३१ च्याच नकाशावरचे आकडे आहेत. कोणाचा केशरी खरा, हा वादच मिटला.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं सूत रंगवायचं छोटं काम होतं. तो सांगायचा, "सर, बाजार पडला की व्यापारी ट्यूबलाइटखाली सूत धरून म्हणायचा, शेड जुळत नाही. बाजार चढला की तीच शेड डोळे झाकून पास!" माल परत आला की त्या महिन्यात घरात उधारी. आज मुलाकडं यंत्र आहे, आणि किती डेल्टा ई चालेल हे तो ऑर्डर घेतानाच लिहून घेतो.

मला या इतिहासाचं मर्म इथं सापडतं. माणसाचा डोळा वाईट म्हणून यंत्र आलं नाही. 'मला दिसतं तेच खरं' असं म्हणणारा नेहमी पैसेवालाच असायचा, आणि गरिबाच्या डोळ्याला किंमत नव्हती. आकड्यानं दोघांना एका पायरीवर आणलं. पण तेही अर्धंच. यंत्र फरक किती ते सांगतं. किती फरक चालवून घ्यायचा ते सांगत नाही. ती मर्यादा अजून माणसंच ठरवतात, आणि बहुधा मोठा गिऱ्हाईकच ठरवतो. म्हणून त्या पोराची लिहून घेण्याची सवय मला यंत्राइतकीच मोलाची वाटते.